पोट धरंना झालं: एचआयव्हीचा इतिहास, पोटाच्या बाजूनं

आजचा भाग जेवताना ऐकत असाल तर आधी निवांत जेवून घ्या, मग प्ले करा. कारण आजचा विषय जुलाबाचा आहे. हसलात तरी चालेल, मीपण पहिल्यांदा हसलोच होतो. पण यात माझ्या गल्लीतला एक माणूस गेलाय आणि माझ्या वर्गातला एक मित्र जाता जाता राहिलाय. म्हणून हा भाग करावासा वाटला.

(ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून ठेवलंय. अडखळलो तेवढं काढलं, बाकी बोललो तसंच आहे.)

आज्जीच्या तीन खुणा

मी नायगावचा, नांदेड जिल्ह्यातला. नांदेडहून नरसी, देगलूर करत हैदराबादला जाणारा रस्ता आमच्या गावातून जातो. त्यामुळं ट्रक, ढाबे, पंक्चरची दुकानं आणि ड्रायव्हर लोक हे सगळं लहानपणापासून बघितलेलं. आमच्या गल्लीतही एक ड्रायव्हर काका होते. नाव सांगत नाही, कारण घरचे अजून तिथंच राहतात. २००३ च्या पावसाळ्यात ते वारले. मी तेव्हा पहिलीत होतो. मला एवढंच आठवतं की त्यांच्या घरी पाणी प्यायचं नाही आणि त्यांच्या पोराबरोबर खेळायचं नाही, असं आम्हा लेकरांना बजावलं होतं. का, ते कोणी सांगितलं नव्हतं.

मागच्या दिवाळीत आज्जीला विचारलं, "काकाला झालं काय होतं नेमकं?"

आज्जी म्हणाली, "आधी पोट धरंना झालं त्येचं. महिना झाला, दीड महिना झाला, डब्बा घेऊन पळायलाच. मग ताप. कवा चढायचा, कवा उतरायचा. मग वाळत वाळत निस्ते हाडं राहिले. तवाच समजलं सगळ्याला."

"काय समजलं?"

"त्योच रोग म्हणून."

नाव तिनं आजही घेतलं नाही. पण तिनं सांगितलेल्या तीन खुणा लक्षात ठेवा: महिनाभर जुलाब, महिनाभर ताप आणि वाळत जाणं. कारण पुढं मी वाचायला बसलो तेव्हा हीच यादी मला भलत्याच ठिकाणी सापडली.

ऑक्टोबर १९८५. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक नावाचा देश आहे, त्याची राजधानी बांगुई. तिथं जागतिक आरोग्य संघटनेची बैठक भरली होती. अडचण अशी होती की एड्स आफ्रिकेत पसरत होता, पण रक्ततपासणीची सोय बहुतेक दवाखान्यांत नव्हती. मग रुग्ण मोजायचे कसे? बैठकीत ठरलं की नुसत्या लक्षणांवरून मोजायचे. मोठ्या माणसांसाठी तीन मुख्य लक्षणं धरली: वजन दहा टक्क्यांहून जास्त घटणं, महिन्याहून जास्त काळ जुलाब आणि महिन्याहून जास्त काळ ताप. यांतली निदान दोन आणि जोडीला खोकला, खाज, तोंडात बुरशी अशांपैकी एखादं किरकोळ लक्षण असेल, आणि प्रतिकारशक्ती ढासळायचं दुसरं कारण माहीत नसेल, तर तो एड्सचा रुग्ण धरायचा. इतिहासात याला बांगुई व्याख्या म्हणतात.

आज्जीनं बांगुईचं नाव कधी ऐकलेलं नाही. तरी तिची यादी आणि त्या तज्ज्ञांची यादी एकच निघाली. याचं कारण साधं आहे. तपासणी नसली की माणूस डोळ्यांना दिसतं त्यावर जातो. आणि या रोगात आपल्यासारख्या भागात डोळ्यांना सगळ्यात ठळक दिसायचं ते पोट.

एक सावधगिरी इथंच सांगतो. ही व्याख्या रुग्णांची संख्या मोजायला होती, एखाद्या माणसावर शिक्का मारायला नव्हती. टीबीचा रुग्णही वाळतो, त्यालाही महिनोनमहिने ताप येतो. गावानं मात्र शिक्का मारायलाच ही यादी वापरली. त्या काळात नुसता टीबी किंवा पोटाचा दुसरा आजार असलेली किती माणसं "त्योच रोग" म्हणून वाळीत पडली असतील, याचा हिशोब कुणाकडंच नाही.

एकच रोग, दोन चेहरे

आता थोडं मागं जाऊ. ५ जून १९८१ ला अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात एक छोटा अहवाल आला. लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना एक दुर्मीळ न्यूमोनिया झाला होता. एड्सचा लिखित इतिहास इथून सुरू होतो, म्हणजे फुफ्फुसापासून. तिकडच्या रुग्णांनाही जुलाब व्हायचे, पण बातम्यांमध्ये चेहरा होता तो न्यूमोनियाचा आणि त्वचेवरच्या जांभळ्या डागांचा.

चार वर्षांनी, १९८५ मध्ये, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात युगांडाच्या डॉक्टरांचा लेख आला. पहिलं नाव होतं डेव्हिड सेरवाड्डा यांचं. युगांडाच्या नैर्ऋत्येकडच्या राकाई भागात लोक वाळून वाळून मरत होते. जुलाब थांबायचे नाहीत, वजन उतरत जायचं. डॉक्टरांनी नाव द्यायच्या आधी गावकऱ्यांनीच रोगाचं नाव ठेवलं होतं: 'स्लिम', म्हणजे सडपातळ. लेखाचं शीर्षकही 'स्लिम डिसीज' असंच होतं. तपासल्यावर कळलं की हा अमेरिकेतल्या विषाणूचाच प्रताप आहे.

एकच विषाणू, मग चेहरा वेगळा का? एचआयव्ही स्वतः क्वचितच जीव घेतो. तो घराचा दरवाजा मोडून ठेवतो, आत कोण घुसणार ते आजूबाजूला कोण आहे त्यावर ठरतं. जिथं पिण्याच्या पाण्यात, मातीत, हातांवर पोटाचे जंतू जास्त, तिथं पोट आधी जातं. जिथं टीबी घराघरात, तिथं टीबी आधी येतो. आपल्याकडं दोन्ही होतं.

चेन्नई, मुंबई, भोसरी

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला १९८६ मध्ये, चेन्नईत. डॉ. सुनीती सॉलोमन या मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. त्यांची विद्यार्थिनी सेलप्पन निर्मला हिला प्रबंधासाठी विषय हवा होता. सॉलोमन मॅडमनी सुचवलं, देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने तपास. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तपासणी झाली आणि सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले. तोवर सरकारी वर्तुळात बऱ्याच जणांना वाटत होतं की हा परदेशी रोग आहे, आपल्याकडं येणारच नाही.

आपल्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट: सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. पुढं त्यांनी जी एड्स उपचार आणि संशोधन संस्था उभी केली, तिच्या नावातली 'वायआरजी' ही अक्षरं त्यांच्या वडिलांच्या नावाची आहेत. म्हणजे भारतातल्या एड्सच्या इतिहासाचं पहिलं पान एका मराठी बाईनं उघडलं, आणि हे मला बीटेक संपेपर्यंत माहीत नव्हतं.

त्याच वर्षी मुंबईत डॉ. ईश्वर गिलाडा यांनी जे. जे. रुग्णालयात एड्ससाठी दवाखाना सुरू केला. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे नॅको आली. त्याच वर्षी पुण्याजवळ भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली, जिला सगळे 'नारी' म्हणायचे. तुमच्यापैकी जे पिंपरी-चिंचवडला नोकरीला आहेत ते रोज त्या बाजूनं जात असतील.

पण चेन्नई, मुंबई आणि भोसरीतलं हे काम नायगावच्या गल्लीपर्यंत पोचायला बरीच वर्षं लागली. तोपर्यंत आमच्याकडं पोचली ती भीती. काकांच्या घरची ताटं वेगळी झाली. वारल्यावर अंथरूण जाळलं. शेजारच्यांनी त्यांच्या संडासच्या बाजूनं जाणं सोडलं.

आता हे नीट ऐका. एचआयव्ही विष्ठेतून पसरत नाही. ताटातून, संडासातून, अंथरुणातून, एकत्र जेवण्यातून पसरत नाही. तो पसरतो असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्त आणि सुयांमधून आणि आईकडून बाळाला. काकांचं आजारपण विष्ठेनं भरलेलं होतं, म्हणून लोकांना किळस आली, आणि किळसेलाच लोकांनी संसर्ग समजून घेतलं. ही गल्लत फक्त २००३ ची नाही. २००९ मध्ये लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या हासेगावात एचआयव्हीसह जगणारी मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत बसायला लागली, तेव्हा बाकीच्या पालकांनी आपली लेकरं शाळेतून काढून घेतली होती. राज्यभर बातमी झाली. चूक कळायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ भोगतं एखादं लेकरू.

विष्ठेत काय सापडलं

हा भाग करताना मला सगळ्यात जास्त आवडलेला कागद त्याच २००९ सालचा आहे. भोसरीच्या 'नारी'तल्या संशोधकांनी 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये एक अभ्यास छापला. जुलाब होणाऱ्या १३७ एचआयव्ही रुग्णांची विष्ठा तपासली. ३५ टक्क्यांमध्ये परजीवी सापडले. एक नंबरला क्रिप्टोस्पोरिडियम, १२ टक्के. दोन नंबरला आयसोस्पोरा, ८ टक्के. मग अमीबा वगैरे. आणि ज्यांची सीडी४ संख्या २०० च्या खाली, त्यांच्यात क्रिप्टोचं राज्य.

सीडी४ म्हणजे काय ते पटकन सांगतो. आपल्या प्रतिकारशक्तीचे मुकादम म्हणा. कुठं कोणता जंतू आला, कोणी जायचं, हे ते ठरवतात. एचआयव्ही नेमका या मुकादमांना मारतो.

मला हा कागद आवडला कारण तो सांगतो की "एड्सचे जुलाब" नावाची एकच गोष्ट नसते. जंतू वेगळा, तर उपाय वेगळा. आयसोस्पोरा असेल तर कोट्रायमॉक्साझोल नावाच्या जुन्या, स्वस्त गोळीनं आराम पडतो. सीडी४ खाली गेलेल्यांना हीच गोळी आधीपासून, बचाव म्हणूनही देतात. क्रिप्टोस्पोरिडियमचं मात्र अवघड आहे. प्रतिकारशक्ती ढासळलेली असेल तर त्याच्यावर खात्रीचं औषध नाही. एचआयव्हीचे उपचार सुरू करून सीडी४ वर आणणं हाच त्याच्यावरचा खरा इलाज.

हा क्रिप्टो किती चिवट आहे ते बघा. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात तो नळाच्या पाण्यात शिरला. अमेरिकेतलं मोठं शहर, पाणी शुद्धीकरण केंद्रातून आलेलं, त्यात क्लोरीनही टाकलेलं. तरी अंदाजे ४ लाख लोक आजारी पडले. धडधाकट लोक आठ-पंधरा दिवसांत बरे झाले. जे मेले त्यांतले बहुतेक एड्सचे रुग्ण होते. क्लोरीनला हा जंतू दाद देत नाही. पाणी खळखळून उकळलं की मात्र मरतो.

आता हे आपल्या मराठवाड्यात आणून बघा. २०१६ चा उन्हाळा आठवतोय? लातूरला पाणी आणायला मिरजेहून रेल्वे निघाली होती, तीच ती जलदूत. एप्रिलमध्ये पहिल्या खेपेला सुमारे ५ लाख लिटर पाणी आलं. आम्ही सगळ्यांनी त्याचे फोटो शेअर केले. पण ज्या घरात सीडी४ खाली गेलेला माणूस आहे, त्या घरानं टँकरचं पाणी हौदात साठवायचं, परत ते उकळायचं, त्यासाठी गॅस जाळायचा, आणि हे सगळं का करतोय ते शेजारणीला सांगायचं नाही. "क्लोरीनची गोळी टाका" एवढ्यावर तिथं भागत नाही. पोटाचा प्रश्न विचारला की तो पाण्यापाशी जातो, आणि पाण्याचा विचारला की पैशापाशी.

मीठ, साखर आणि पाणी

जुलाबात माणूस बऱ्याचदा जंतूनं मरत नाही, अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यानं मरतो. यावरचा उपाय आपल्याच देशात सिद्ध झाला. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालच्या बनगाव इथल्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममध्ये कालवून नातेवाइकांच्या हातूनच रुग्णांना पाजायला सुरुवात केली. मरणाऱ्यांचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. तेच आपलं ओआरएस. २०२२ मध्ये ते गेले, आणि पद्मविभूषण मिळालं ते गेल्यावर, २०२३ ला.

काकांना कोणी ओआरएस पाजलं होतं का, मी आज्जीला विचारलं. ती म्हणाली, "पाणी कमीच द्यायचे त्येला. पाणी पिलं की परत जावं लागतंय म्हणून."

त्या घरातल्या कोणाला दोष द्यायचा नाही मला. पुन्हा पुन्हा कपडे धुणारी बाई असाच विचार करणार. पण सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, एवढी माहिती त्या गल्लीत नव्हती. शोध लागून तेव्हा ३२ वर्षं झाली होती.

डॅशबोर्ड आणि सर्व्हर

आता थोडं सायन्स. माझ्या नोकरीतली भाषा वापरतो, माफ करा. आम्ही सर्व्हरवर काय चाललंय ते डॅशबोर्डवर बघतो. कधी कधी डॅशबोर्ड हिरवा असतो आणि आत सर्व्हर जळत असतो. एचआयव्हीचंही बरीच वर्षं असंच झालं.

डॉक्टर सीडी४ मोजायचे ते रक्तात. पण शरीरातल्या लिम्फोसाइट पेशींपैकी रक्तात असतात जेमतेम दोन टक्के. फार मोठा साठा असतो आतड्यात. आतड्याचं अस्तर म्हणजे आपली सगळ्यात लांब सीमा. अन्न आत घ्यायचं आणि जंतू बाहेर ठेवायचे, म्हणून फौज तिथंच बसलेली. १९९८ मध्ये माकडांवरच्या अभ्यासात दिसलं की एचआयव्हीचा भाऊबंद असलेला विषाणू काही आठवड्यांतच आतड्यातल्या सीडी४ पेशी साफ करतो, रक्तात तेवढा फरक दिसायच्या आत. २००४ मध्ये माणसांबद्दलही तेच सांगणारे दोन अभ्यास एकाच नियतकालिकात आले. म्हणजे रुग्णाला कसलाही त्रास नाही, रिपोर्ट ठीक आहे, तरी आतड्यातली फौज आधीच गारद झालेली असते.

२००६ मध्ये पुढची कडी सापडली. फौज गेली की आतड्याचं अस्तर गळकं होतं. आतड्यातल्या जिवाणूंचे तुकडे रक्तात झिरपतात. मग सगळं शरीर कायम अलार्म वाजल्यासारखं जागं राहतं, आणि त्या सततच्या दाहातून हृदयापासून बाकीच्या अवयवांपर्यंत त्रास होतो. उपचारांनी विषाणू दबतो, रक्तातला सीडी४ चढतो, पण आतडं सावकाश भरून येतं आणि बऱ्याच जणांत पूर्ण भरून येतच नाही.

याचा अर्थ लक्षात घ्या. पंचवीस वर्षं आपण जुलाब हे या रोगाचं एक घाणेरडं लक्षण समजत होतो. प्रत्यक्षात पोट हे या रोगाचं पहिलं रणांगण निघालं. राकाईतले गावकरी आणि माझी आज्जी बघत होते योग्य ठिकाणीच. फक्त त्यांना रोग दिसला तो शेवटच्या टप्प्यात.

गोळी आली, तिचा हिशोब

१९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र दिली तर विषाणू दबतो हे स्पष्ट झालं. पण खर्च? एका माणसाला वर्षाला १० हजार डॉलरच्या वर. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तीच तीन औषधं डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी. जगभरातला भाव त्यानंतर कोसळत गेला.

आणि १ एप्रिल २००४ ला भारत सरकारनं मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधं, द्यायला सुरुवात केली. पहिल्यांदा फक्त आठ सरकारी रुग्णालयांत. महाराष्ट्रात मुंबईचं जे. जे. काका वारले २००३ च्या पावसाळ्यात.

लहान मुलांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम आला ३० नोव्हेंबर २००६ ला. त्याआधी मोठ्यांच्या गोळ्या तोडून लेकरांना द्यायचे. ही तारीख माझ्यासाठी महत्त्वाची आहे, कारण ज्या पोराबरोबर खेळू नका असं आम्हाला सांगितलं होतं, ते काकांचं पोरगं या कार्यक्रमामुळं वाचलं. ते जन्मापासूनच पॉझिटिव्ह होतं. दर महिन्याला आई त्याला एसटीनं नांदेडला घेऊन जायची. आज तो माझ्याएवढाच आहे. आई अजून गावात आहे, ती पण गोळ्या घेते, शेतात जाते. त्याला विचारून हे सांगतोय, आणि दोन-तीन तपशील बदललेत.

तो मला म्हणाला, "सगळे मला सीडी४ विचारतात. पोटाचं कोणीच विचारत नाही."

झालं असं की पहिल्या गोळ्या काम करेनाशा झाल्यावर त्याला दुसऱ्या फळीची औषधं सुरू झाली. ही औषधं आपल्याकडं सरकारी कार्यक्रमात २००८ पासून, जे. जे. आणि चेन्नईच्या तांबरम इथून, सुरू झाली. त्यांत लोपिनावीर-रिटोनावीर ही जोडी असायची. जीव वाचवणारी, पण जुलाब हा तिचा नेहमीचा त्रास. म्हणजे आधी रोगामुळं जुलाब, आता औषधामुळं.

तो पुण्यात एका ठिकाणी कामाला होता. नऊ तासांची शिफ्ट, बाथरूमला किती वेळा आणि किती मिनिटं गेला याची नोंद. सुपरवायझरनं चारचौघांत टोमणा मारला. कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मग त्यानं सोपा मार्ग काढला: गोळ्या बंद केल्या. चार-पाच दिवसांत पोट बरं झालं, त्याला वाटलं जिंकलो. दोन महिन्यांनी तपासणीत विषाणू परत वर.

त्याला वाचवलं ते एआरटी सेंटरच्या समुपदेशक ताईंनी. तिनं गोळ्या मोजल्या, जास्तीच्या निघाल्या. ओरडली नाही. फक्त विचारलं, "पोटाचा त्रास होतो का रे?" तो म्हणाला, मी तिथंच रडलो. मग तपासण्या झाल्या, जंतू नाही याची खात्री केली, डॉक्टरांनी औषध बदललं. आता ठीक आहे. आता तर बहुतेक रुग्णांना डोल्युटेग्रावीर असलेली दिवसाला एकच गोळी मिळते, पोटाला तुलनेनं बरीच सोसणारी.

एक गंमत सांगतो. एचआयव्हीची औषधं घेणाऱ्यांच्या, जंतू नसलेल्या जुलाबांसाठी खास असं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं ते ३१ डिसेंबर २०१२ ला. क्रोफेलेमर नाव. ॲमेझॉनच्या जंगलातल्या एका झाडाच्या लाल चिकापासून बनतं. एचआयव्हीवरचं पहिलं औषध आलं होतं १९८७ मध्ये. म्हणजे पंचवीस वर्षं "जीव वाचला ना, मग पोटाचं काय एवढं" असाच सगळ्यांचा सूर होता.

तर करायचं काय

देशात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतायत, आणि संख्येत महाराष्ट्र सगळ्यात वर आहे. त्यामुळं हा भाग ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी नक्की आहे ज्याला हे थेट लागू होतं. त्याच्यासाठी, तिच्यासाठी:

जुलाब झाले म्हणून एआरटीची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. सेंटरवर सांगा. लाजू नका, त्यांनी याहून जास्त ऐकलेलं असतं.

मेडिकलवरून जुलाब थांबवायची गोळी परस्पर घेऊ नका. आधी विष्ठेची तपासणी. जंतू कोणता त्यावर औषध ठरतं. रक्त पडत असेल, ताप असेल, लघवी कमी झाली असेल तर त्याच दिवशी दवाखाना. दोन आठवडे झाले तरी थांबेना, वजन उतरतंय, तर अजिबात वाट बघू नका.

पाणी प्या, कमी करू नका. ओआरएस घ्या. भाताची पेज, डाळीचं पाणी, केळं, ज्वारीच्या कण्या, जे सोसेल ते थोडं थोडं खा. दुधानं त्रास वाढत असेल तर काही दिवस दूध बंद. सीडी४ कमी असेल तर पाणी उकळूनच.

आणि ज्यांच्या घरात, ऑफिसात असा माणूस आहे त्यांच्यासाठी: हात साबणानं धुवा, कारण जुलाबाचे जंतू हातावरून पसरतात. पण ताट वेगळं करू नका, कारण एचआयव्ही ताटातून पसरत नाही. या दोन वाक्यांतला फरक गल्लीत, ग्रुपवर, सगळीकडं सांगा. आणि एचआयव्ही आहे म्हणून कोणाला नोकरीवरून, शाळेतून, दवाखान्यातून हाकलणं २०१७ च्या कायद्यानं गुन्हेगारीत... थांबा, नीट सांगतो: या कायद्यानं असा भेदभाव करायला बंदी आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून हा कायदा लागू आहे. माझ्या मित्राला तो माहीत नव्हता, मलाही नव्हता.

शंका असेल तर १०९७ हा नॅकोचा मोफत हेल्पलाइन नंबर आहे. नाव सांगावं लागत नाही.

रेकॉर्डिंग झाल्यावर हा भाग मी आज्जीला ऐकवला. तिला अर्धा कळला, अर्धा नाही. शेवटी तिनं एकच विचारलं, "मग त्येचं पोट थांबलं असतं का? वाचला असता का त्यो?"

मी म्हणालो, "आत्ता झाला असता तर वाचला असता आज्जी."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पोरगं येतंय का गावाला? आलं की जेवायला घेऊन ये."

पुढच्या रविवारी तो येतोय. आपण पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, पाणी प्या.